वस्तादांच्या घरची मऊ अंडी

...आणि तो फिटर भरलेलं ताट घेऊन परत खिडकीशी आला नि म्हणाला, "वस्ताद, आज मीठ कमी पडलंय." काल गोष्ट इथंच अडली होती. तर वस्तादांनी हातातला डाव खाली ठेवला नाही की मान वर केली नाही. म्हणाले, "मीठ बरोबर आहे. तू घरी भांडून आलायस. भांडलास की तुला सगळं अळणी लागतं. गेल्या महिन्यात तर दुधातसुद्धा मीठ मागत होतास." रांगेत असा हशा पिकला की पार भट्टीपर्यंत ऐकू गेला. फिटर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. कारण भांडण झालं होतं, आणि तेही भल्या सकाळी, एका फुटक्या कपावरून.

वस्ताद म्हणजे असा माणूस. काचेच्या बरण्यांचा कारखाना, त्यात चारशेला वीस कमी एवढी माणसं, आणि त्या सगळ्यांच्या पोटाचा हा एकटा धनी. कँटीनच्या वाढायच्या खिडकीची चौकट जरा खाली बसवलेली होती, त्यामुळे आतून समोरच्याचं तोंड दिसायचंच नाही. दिसायचे ते हात. ताट धरलेले दोन हात, मनगटापर्यंत. वस्तादांनी तेहतीस वर्षं माणसं अशी हातांवरून ओळखली. हा भाजलेला अंगठा भट्टीवाल्याचा, याला पाव जरा कडक लागतो. ही चिरा पडलेली बोटं पॅकिंगमधल्या बाईची, हिची दाढ दुखतेय, हिला मऊ वाढा. हा कापरा हात गेटवरच्या म्हाताऱ्याचा, याची वाटी अर्धीच भरा, नाहीतर बाकाकडे जाईस्तोवर अर्धी जमिनीला पाजेल. कुणाला काय आवडतं, कुणाला काय बाधतं, कोण लाजून दुसऱ्यांदा मागत नाही, सगळं तोंडपाठ. शाळेत पाढे कधी धड आले नाहीत, पण हे चारशे पाढे बिनचूक.

आता गंमत बघा. असा हा चारशे तोंडांचा पोशिंदा दुपारी तीनला घरी आला की त्याला स्वतःला घास उतरायचा नाही. आचाऱ्यांचं हे जुनंच दुखणं. सकाळपासून नाकात वाफ, कपड्यांत तेल, डोळ्यांत कांदा. पोट रिकामं, पण अन्न पाहिलं की जीव मागं सरकायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोनं चार दिवस ताटं तशीच उचलून ठेवली. पाचव्या दिवशी काही विचारलं नाही, सांगितलं नाही, त्यांच्यापुढं एक ताटली ठेवली. मऊ अंडी.

नाव त्यांचंच, घरातलं. त्यात कांदा नाही, मिरची नाही, काही नाही. दोन अंडी, चमचाभर दूध, चिमूटभर मीठ, नखाएवढं लोणी. कढई छोटी, चमचा लाकडाचा, आणि आच अशी मंद की मेणबत्तीनंसुद्धा तिला हसावं. अंडी कढईत पडली की ती त्यांना घाई करायची नाही. कडेनं हळूच ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. पिवळ्याधमक घड्या एकमेकींवर पडत जायच्या, लहान मुलांच्या धुतलेल्या दुपट्यांसारख्या. आणि अजून ओलसर आहेत तोवरच खाली उतरवायची. "अहो, पुढची ती ताटलीत आपली आपण शिजतात," असं म्हणायची, "तुमची गोष्ट सुरू होईपर्यंत."

कारण गोष्ट सुरू व्हायचीच. पहिला घास पोटात गेला की वस्तादांचं तोंड सुटायचं. आज फिटर काय म्हणाला, मुकादमानं आमटीत चष्मा कसा पाडला, पॅकिंगवालीच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं. बायको समोर बसलेली. तिचं काम काजं करण्याचं. शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि ती घरी बसून काजं करायची, बटणं लावायची. इतकी बारीक नि सारखी काजं की शिंपी म्हणे, "वहिनी, ही काजं बघून बटणं आपण होऊन आत जातात." तर ती समोर बसायची, "हं" म्हणायची, "मग?" म्हणायची, कधीकधी दोरा दातांनी तोडून खुदकन हसायची. थंडीवाऱ्याचे दिवस असले तरी पाठीमागची खिडकी सताड उघडी. वस्ताद कुरकुरायचे, "अगं, हाडं वाजायला लागली, लाव की ती खिडकी." "असू द्या हो, तेवढीच हवा." मग ते खांद्यावर टॉवेल घ्यायचे आणि गोष्ट पुढं. कँटीनमध्ये कौतुकानं सांगायचे, "आमच्या हिला वाऱ्याचं भारी वेड."

बत्तीस वर्षं असं चाललं. मग एका शुक्रवारी वस्ताद तीनला घरी आले, दारातच जोडे काढता काढता बोलायला लागले. "अगं ऐकलंस का, आज त्या गेटवरच्या म्हाताऱ्यानं काय केलं..." आत आले, हात धुतले, खुर्ची ओढली, बसले. गोष्ट निम्मी सांगून झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हुंकार येत नाहीये.

मांडीवर शर्ट होता, तिसऱ्या काजात सुई अर्धी गेलेली होती. शेगडीवर कढई होती. शेजारी वाटीत दोन अंडी काढून ठेवलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अर्धा तास झाला असेल, कळलंसुद्धा नसेल त्यांना. वस्तादांनी मान हलवली. ती गोष्ट पुढं त्यांनी कुणालाच पुरी सांगितली नाही. म्हाताऱ्यानं गेटवर काय केलं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

आता कँटीनचा एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं समजायचं नाही. तो वस्तादांनी सुरू केलेला नव्हे, त्यांच्या आधीच्या आचाऱ्याचा. कामगाराच्या घरचं कुणी गेलं, की तो कामगार ज्या दिवशी परत कामावर येईल, त्या दिवशी अख्ख्या कँटीनमध्ये गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण व्हायचं. मोठ्या आचाऱ्यानं चार-पाच दिवसांनी घरी जायचं आणि एवढंच विचारायचं, "त्यांना काय आवडायचं?" बाकी सांत्वन नाही, भाषण नाही. त्या दिवशी त्या माणसानं बाकावर बसायचं, सगळ्यांसमक्ष स्वतःच्या तोंडानं सांगायचं, माझ्या आईला हे आवडायचं, माझ्या भावाला ते आवडायचं. मग जिन्नस भांड्यात पडायचे, आणि पहिलं ताट त्याचं. बस. पण दगडासारखी माणसं त्या पहिल्या ताटावर विरघळलेली वस्तादांनी पाहिली होती. कुणाच्या आईसाठी त्यांनी नुसता करपवलेला पाव केला होता, कारण तिला कडाच आवडायच्या. कुणाच्या भावासाठी चारशे माणसांना सकाळी सकाळी आइस्क्रीम खाऊ घातलं होतं. मॅनेजर ओरडला, तेव्हा वस्ताद म्हणाले, "साहेब, मेलेल्या माणसाला वेळकाळ असतो होय?"

तर पाचव्या दिवशी मावशी आल्या. मावशी म्हणजे कँटीनमधली दुसरी आचारीण, वस्तादांच्या हाताखाली अठरा वर्षं. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. त्या दिवशी मात्र दारातच पुटपुटल्या. पाणी प्यायल्या, पेला पालथा घातला आणि म्हणाल्या, "वस्ताद, हा प्रश्न मी तुम्हाला विचारेन असं कधी वाटलं नव्हतं. पण रिवाज तो रिवाज. वहिनींना काय आवडायचं?"

वस्तादांनी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. "मऊ अंडी."

"झालं तर मग. सोमवारी येताय ना? अंडी सांगून ठेवते. माणशी दीड धरू?"

"दीड धर. आणि मावशी, आच मंद. तुझा हात मेला दांडगा. घाई केलीस तर रबर होईल."

"मला शिकवताय? सहाशे अंडी मी एका हातानं..."

"तेच तर म्हणतोय. एका हातानं नको."

दोघंही थोडं हसले.

गुरुवारी मेहुणी घरात होती. बायकोची धाकटी बहीण. वय छप्पन्न, गुडघे आखडलेले, पण लहानपणापासून सगळे तिला चिमणी म्हणत ते म्हणतच राहिले. बहीण गेल्यापासून ती इथंच राहून घर सावरत होती. दुपारी तीन वाजले तसे वस्ताद उठले आणि शेगडीशी गेले. इतक्या वर्षांत त्या शेगडीला त्यांनी हात लावला नव्हता. "चिमणे, तू बस. आज मी करतो."

आणि फजिती बघा. ज्यानं एका वेळी सहाशे अंडी फावड्याएवढ्या उलथन्यानं परतली, त्याला दोन जोडी अंडी जमेनात. हात सवयीचा गुलाम. पहिल्यांदा मीठ पडलं ते मूठभर. ती अंडी मांजरानंही हुंगून सोडली असती. दुसऱ्यांदा लोण्याचा अर्धा गोळा गेला, अंडी पोहायला लागली. तिसऱ्यांदा आच मोठी झाली. मेहुणी दारातून बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि डोळ्यांत पाणी. दोन्ही एकाच वेळी.

"भाऊजी, अख्ख्या कारखान्याला बोलवा आता. त्याशिवाय तुमचं माप बसायचं नाही."

चौथ्यांदा मात्र जमलं. वस्ताद वाकून, श्वास रोखून, चमचा ओढत राहिले, थांबत राहिले, आणि ओलसर असतानाच कढई उतरवली. दोन ताटल्या भरल्या. एक स्वतःपुढं, एक मेहुणीपुढं.

"खा. तिच्या हातची सर येणार नाही. पण तिची आवड म्हणून तरी खा."

मेहुणीनं काटा उचलला होता तो तसाच राहिला. "कुणाची आवड?"

"कुणाची म्हणजे? तुझ्या ताईची."

"भाऊजी, ही काय थट्टा?"

"थट्टा कसली? परवा मावशीलाही तेच सांगितलं मी. सोमवारी सगळ्या कँटीनला..."

"अहो, ताई अंडं खात नव्हती!"

वस्ताद हसले. म्हाताऱ्या माणसाला कुणी भलतंच सांगावं आणि त्यानं समजूतदारपणे हसावं, तसं. "अगं, बत्तीस वर्षं रोज माझ्यासमोर..."

"ती नऊ वर्षांची होती," मेहुणी म्हणाली. तिनं ताटली हळूच बाजूला सरकवली. "घरी कोंबड्या होत्या. आईला बरं नव्हतं म्हणून ताईनं पहिल्यांदाच अंडं फोडलं, माझ्यासाठी. आत पिल्लू होतं. अर्धवट झालेलं. डोळे मिटलेले. त्या दिवसापासून तिला वाससुद्धा सोसायचा नाही. आई घरात अंडी करायची तेव्हा ती जाऊन अंगणात बसायची."

"पण ती माझ्याबरोबर बसायची. तिच्यापुढं ताटली असायची, चिमणे! मी काय आंधळा आहे?"

"ताटली असायची. ताटलीत काय असायचं?"

वस्ताद आठवू लागले. पांढरी ताटली, निळ्या काठाची. तिच्या उजव्या हाताशी. त्यातून ती बोटांनी काहीतरी उचलायची. बारीक किणकिण व्हायची. त्यांना वाटायचं, काट्याची.

"बटणं असायची, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "तुम्ही जेवायचा तोवर ती बटणं लावायची. तेवढ्यात दोन शर्ट होतात म्हणायची."

वस्तादांची नजर पाठीमागच्या खिडकीकडे गेली. ती आजही उघडीच होती. वारा येत होता.

"मग तिनं मला सांगितलं का नाही?"

"मी भांडले होते तिच्याशी यावरून. म्हटलं, तोंड दिलंय ना देवानं, सांग की नवऱ्याला. तर मलाच दटावलं. म्हणाली, 'दिवसभर चारशे तोंडांचं लक्षात ठेवून दमून येतात ते. त्यात आणखी एक तोंड कशाला घालू?'"

ताटलीतली अंडी आपली आपण शिजत राहिली, घट्ट झाली, गार झाली. कुणी खाल्ली नाहीत.

वस्तादांनी दोन्ही ताटल्या उचलून ओट्यावर ठेवल्या. "बरं. अंडी नाही तर नाही. तू बहीण आहेस. तूच सांग, काय आवडायचं तिला?"

"खरवड!" मेहुणी लगेच म्हणाली. "दूध आटवलं की पातेल्याच्या बुडाशी राहते ना, ती. आम्ही दोघी त्यावर मांजरीसारख्या भांडायचो. मी तिचा हात चावले होते एकदा. मग ती म्हणायची, घे बाई, तूच खा..." आणि तिचा आवाज खाली खाली येत गेला. "दर वेळी मीच खायची. ती पातेलं धरून ठेवायची, मला नीट खरवडता यावं म्हणून." तिनं तोंडावर हात ठेवला. "तिनं खाल्लेली मला आठवतच नाही, भाऊजी."

शुक्रवारी लेकीचा फोन आला. लेक लांब, दुसऱ्या गावी, दोन मुलांची आई. अंत्यविधीला येऊन मुलांच्या परीक्षेसाठी परत गेली होती. वस्तादांनी आडवळण घेतलं नाही. "बाळे, तुझ्या आईला खायला काय आवडायचं गं?"

"कस्टर्ड," लेक म्हणाली. "त्यात काय विचारायचं, बाबा? दर रविवारी करायची. वरून केळं कापून."

"ती खायची?"

"म्हणजे काय! मी दोन वाट्या खायचे आणि ती..." पलीकडे कुणा पोराचा रडण्याचा आवाज येत होता. "ती मला वाढायची," लेक म्हणाली. "बाबा, मला केळी आवडतात ना. म्हणून."

शनिवारी ते शिंप्याकडे गेले. हातात तो तिच्या मांडीवरचा शर्ट होता, ज्याची दोनच काजं पुरी झालेली. शिंप्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात टाकला नाही, आत कपाटात नेऊन ठेवला. वस्तादांना स्टूल दिलं. वस्तादांनी विचारलं तसा त्याचा चेहरा खुलला.

"मला ठाऊक आहे ना! भाजलेलं रताळं. थंडीत काम घेऊन आल्या की फडक्यात बांधलेलं असायचंच. गरम गरम. म्हणायच्या, घ्या, बोटं गारठली असतील."

"म्हणजे तुमच्यासाठी आणायची."

"हो, माझ्यासाठीच की."

"तुम्हाला आवडतं रताळं?"

"मला? मी तर रताळ्यावर जीव टाकतो, वस्ताद," शिंपी म्हणाला, आणि मग त्याच्याही काहीतरी ध्यानात आलं. त्यानं गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "त्यांनी खाल्लेलं मी पाहिलं नाही कधी," असं पुटपुटला.

परतीच्या वाटेवर वस्ताद एकेकाचं बोलणं आठवत चालले. जो भेटेल तो स्वतःचीच आवड तिच्या नावावर सांगत होता. तिनं ज्याला त्याला त्याच्या मनासारखं दिलं आणि स्वतःच्या मनाचा थांगपत्ता कुठं ठेवला नाही. घरी कपाटं धुंडाळून झाली होती, डबे हुंगून झाले होते. तिच्या एकटीचा म्हणावा असा एक डबा नाही, एक पुडी नाही. आणि हे सगळं ओळखण्याचा धंदा कुणाचा? तर वस्तादांचा. कुणाची दाढ, कुणाचं पोट, कुणाचं भांडण, सगळं हातांवरून सांगणारा हा माणूस. त्याच्यासमोर दोन हात बत्तीस वर्षं ताटलीतली बटणं उचलत होते आणि त्याला ते जेवतायत असं वाटत होतं.

आणखी एक काटा होता, तो वाटेवर टोचायला लागला. चार वर्षांमागं त्याच फिटरचे वडील वारले होते. वस्ताद रिवाजाप्रमाणे विचारायला गेले, तर फिटर खाली मान घालून म्हणाला, "नाही बुवा माहीत." आणि वस्ताद, तेही चारचौघांत, म्हणाले होते, "बापाची आवड माहीत नाही? मग घरात काय पाहुणा म्हणून राहत होतास?" त्या दिवशी त्यांनी आपल्या अंदाजानं मासा केला. फिटरनं तो मुकाट्यानं खाल्ला. पुढं दोन महिने तो खिडकीशी आला की त्याचे हात घाईघाईनं ताट ओढून घ्यायचे. वस्तादांनी तेव्हा ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ त्यांना शनिवारी कळला.

रविवारी मेहुणी म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेता? सहाशे अंडी आली असतील कँटीनमध्ये. लोक खातील, वहिनींच्या आवडीचं म्हणतील, दोन टिपं गाळतील. कुणाला कळणार आहे? आपण दोघंच."

"आणि ती?"

"ताई तर हसली असती. म्हणाली असती, चला, पोरांना पोटभर मिळालं."

हे खोटं नव्हतं. ती खरंच तसं म्हणाली असती. आणि म्हणूनच ते वस्तादांना जास्त लागलं. मेल्यावरसुद्धा तिनं दुसऱ्याच्या आवडीचंच वाढायचं, आणि तेही नेमकं ज्याच्या वासानं तिचा जीव गुदमरायचा ते. पण दुसरी वाट म्हणजे चारशे माणसांपुढं उभं राहून कबूल करायचं, की ज्याला तुम्ही वस्ताद म्हणता त्याला आपल्या घरातलं एक पोट कळलं नाही. सोमवारी सकाळी घरातून निघताना त्यांनी ठरवून टाकलं होतं, गप्प बसायचं. अंडी म्हणजे अंडी. जुनं दुखणं, वर पट्टी बांधायची, झालं.

कँटीनच्या दारात गेटवरचा म्हातारा उभा होता. त्यानं वस्तादांचा हात आपल्या कापऱ्या हातात घेतला आणि सोडून दिला. आत सगळे आधीच येऊन बसले होते. भट्टीवाले पाळी संपवून, अंगाला राख तशीच घेऊन. एरवी त्या खोलीत भांड्यांचा नि माणसांचा एवढा गलका असतो की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. आज चमचा पडला असता तरी दचकायला झालं असतं. भिंतीशी अंड्यांचे वीस ट्रे एकावर एक रचलेले होते. मावशींनी मोठी कढई चढवली होती. आच खरंच मंद होती, मुंगीच्या चालीची. लोणी वितळून कडेला सरकत होतं आणि त्याचा वास सगळीकडे पसरला होता.

वस्तादांना पहिल्या बाकावर बसवलं. तेहतीस वर्षांत ते या बाजूला कधी बसले नव्हते. पॅकिंगमधली ती चिरा पडलेल्या बोटांची बाई पुढं झाली आणि म्हणाली, "वस्ताद, मावशींनी कृती सांगितली आम्हाला. काल मी घरी करून पाहिली. आमच्याकडे आता तिला वहिनींची अंडीच म्हणणार." तिनं मोठ्या मायेनं सांगितलं. वस्तादांनी मान हलवली, पण ती मान वर येईना.

समोरच्या बाकावर फिटर बसला होता. चार वर्षांपूर्वी ज्या जागी त्यानं मासा खाल्ला त्याच्याच जवळपास. तो वस्तादांकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत ना राग, ना उट्टं काढल्याचं समाधान. नुसता काळजीनं बघत होता, घरच्या माणसानं बघावं तसा. आणि हळूच त्यानं आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला वस्तादांकडे सरकवला.

वस्ताद पाणी प्यायले.

मावशींनी कमरेचं फडकं घट्ट केलं, पहिलं अंडं हातात घेतलं आणि कढईच्या काठाशी धरलं. "बोला, वस्ताद. रिवाजाप्रमाणे तुमच्या तोंडून येऊ दे. वहिनींना काय आवडायचं ते सांगा सगळ्यांना, मग फोडते."

वस्ताद उठले. बाकाला एका हातानं धरून उभे राहिले. ज्या माणसाचं तोंड बत्तीस वर्षं मिटलं नव्हतं, त्याला पहिला शब्द सापडायला इतका वेळ लागला की मावशींचा हात कढईवर अवघडला. मग ते म्हणाले:

"फोड, मावशी, लोकांना उपाशी ठेवू नकोस. पण ही आवड माझी आहे, तिची नाही. तिला काय आवडायचं ते मला ठाऊक नाही, मी कधी विचारलंच नाही. पहिलं ताट दुसऱ्या कुणाला तरी दे."